बनाबाईंचा फोटो

नगरच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बेलापूरचे फोटोग्राफर रंभाजी, त्यांच्या पत्नी बनाबाई आणि नुकताच पहिला पगार झालेली लेक भारती बसली होती.

“अप्पा, भंडारदऱ्याला जायच्या आधी तुमाला नवी लेन्स घेऊ.”

“लेन्स नको, भारती. छोटा कॅमेरा घे.”

“तुमच्या फोटोवर निम्म्या बेलापूरच्या पोरींची लग्नं जमली, अप्पा. अन् तुमी छोटा कॅमेरा घेनार?”

“तुझ्या आईसाठी गं. मोठा कॅमेरा धरला की ही खांबासारखी ताठ हुती. एरवी लई ग्वाड हसती.”

“लेन्सच घे, भारती. आन् तुमी तेवढं ‘हलू नका’ म्हनायचं सोडा. पंचवीस वर्सं त्याच्यापायीच श्वास धरून हुभी ऱ्हाते मी.”