कुंकू लागलेला पैलवान

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती पुंजाराम अण्णा, सरुबाई काकू, आणि पहिली पाळी संपवून तसेच इथे आलेल्या माझ्या टूलरूमच्या सोबत्यांनो,

अण्णांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल साहेब बोललेच. मी त्यांच्या अल्बमबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडे मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरनं जाताना अण्णांना एक जुनं कार्ड दिलं. त्यावर सुमो पैलवानाचं चित्र. महायुद्धाच्या काळातलं, कागदाच्या टंचाईमुळे पातळ, खरबरीत. तिकडची मुलं अशी कार्डं जमिनीवर आपटून दुसऱ्याचं कार्ड उलटवायची. सायखेड्याच्या तालमीत वाढलेले अण्णा ते पाहून म्हणाले, "गडी लय ताकदीचा हाय!" तिथून अशी कार्डं जमवायचा नाद लागला. काकू तर म्हणतात, "माझी पैठणी खालच्या कप्प्यात, अन् हे उघडे पैलवान वर!"

चोवीस कार्डांचा एक संच. वीस वर्षांत तेवीस जमली. चोविसावं ओसाकाच्या एका संग्राहकाकडे होतं. अण्णांकडच्या, संचाबाहेरच्या एका कार्डाच्या बदल्यात तो ते द्यायला तयार झाला.

आणि दसरा आला. अण्णांनी ते बदल्यात द्यायचं कार्ड पाकिटात घालायला म्हणून माझ्या टेबलावर ठेवलं. पूजेचं ताट माझ्या हातात. टेबलावर दिसेल त्याला कुंकवाचं बोट लावायचं, ही आपली रीत. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज... आणि त्याच ओघात पैलवानाची छाती!

मला रडू आवरेना. अण्णा म्हणाले, "रडते कशाला, मनीषा? पैलवानाची पूजा झाली."

डाग पडल्याचं कळवलं, तर ओसाकाहून उत्तर आलं: डाग काढून पाठवा. मुंबईत काढून देणारा माणूसही मिळाला. मीच अण्णांच्या मागे लागले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते माझ्यामुळे जावं?

अण्णांनी एवढंच सांगितलं, "दसऱ्याचं कुंकू मी पुसनार नाय."

काल त्यांनी अल्बम माझ्यासमोर उघडला. मला वाटलं होतं, शेवटची जागा रिकामी असेल. चोविसाव्या जागी माझाच पैलवान उभा होता, छातीवर कुंकू घेऊन. अशा माणसाच्या हाताखाली मी काम शिकले, याहून मोठा अभिमान मला नाही.

मला बोलू दिलंत, आपली आभारी आहे. बोलताना काही चुकलं असेल, तर अण्णांसारखंच करा. पुसू नका, जवळ ठेवून घ्या.