कासव पुढच्या पाळीपर्यंत

दाराआडचे डॉक्टरसाहेब, आत नेलेल्या माणसाची खबर बाहेरच्यांना न देणं, हा तुमचाच गुन्हा आहे. मी समोरच्या बाकावर बसून सगळं ऐकलं. रोहण्याच्या आनंदाबाईंचा चंदन सकाळपासून ऑपरेशनला आत होता, आणि त्याची बहीण सुरभी आईला त्याच्याच चित्रांच्या पत्त्यांचा खेळ बाकावर मांडून शिकवत होती.

"माय, दाराकडे पाहू नको. इकडे पाह्य. मी कासवाचा पत्ता मांडला."

"मंग? तुह्ये गुण संपवले का मी जिंकली, असंच सांगतलं ना तू?"

"तो साधा नियम. कासवाचा येगळा हाये. माह्या पुढच्या पाळीपर्यंत ते बाकावर राह्यलं, तर मी जिंकली."

"कोणाले न मारता?"

"हो. फक्त टिकून राह्याचं."

"काई न करता जिंकाचं! चंदनले हाच पत्ता आवडत असंन."

"हाच आवडते. आता तुह्या हातात हातोडा हाये ना? तो टाक, कासव फुटते."

"नाई टाकत."

"काऊन? हरशील ना!"

"हरू दे. चंदनच्या कासवावर हातोडा टाकू का मी? घे, तुही पाळी."

"असं नसते खेळत, माय."

"कासव हाये ना बाकावर? जिंकली ना तू?"

"जिंकली. पण उठून कुठी चालली? दवाखान्यातल्यायनं सांगतलं, बोलावल्याबिगर दाराजवळ येऊ नका."

"तू बस. अवो साहेब! दार उघडा! माहा चंदन कसा हाये? बोला ना!"