ताराबाईची पोथी

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे आत जायची पाळी यायला अजून वेळ होता. छबुबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिची सावत्र लेक जरा लांब, पाठ फिरवून. शेजारी दोन बायकांचं बोलणं चाललं होतं.

"रतनबाई, तुज्या भावाची पोरं नव्या आईला लई धरून ऱ्हात्यात म्हनं?"

"आदी जवळबी जात नव्हती. आई प्लेगात गेली तवापासून रडून रडूनच निजायची."

"मंग?"

"नवी आई ताराबाई, तिला वाचता येतंय. ती कुनाला काय म्हनली न्हाई. निजायच्या वक्ताला दिवा घेऊन ओसरीवर बसायची आन् पोथी मोठ्यानं वाचायची. पोरं आत."

"ऐकत व्हती?"

"ऐकत ऐकत उंबऱ्यापस्तोर आली. आता धाकटी तिच्या मांडीवर डोस्कं ठिवल्याबिगर डोळं मिटत न्हाई."

"धीराची बाई हाय."

"लईच. माजा भाऊबी ऐकतो आन् बसल्या जागी घोरतो."

छबुबाई जवळ सरकली.

"आक्का, मला वाचता येत न्हाई. नुसती सांगितलेली गोष्ट चालंल का?"

"न चालाया काय झालं? कंची येती तुला?"

"धनगराच्या पोरीची. ती रानात वाट चुकती, ती."

रतनबाई काही बोलायच्या आत पाठ फिरवून बसलेल्या लेकीनं मान वळवली.

"मंग घरी आली का ती?"