आत्या, मशीन आणि पापलेट

अरे, भूक डोळ्यांनी बघितलीयेस कधी? मी बघितली, पनवेलच्या एका हॉस्पिटलात. माझी आत्या उरणची कोळीण, अंगाने भरपूर. लठ्ठपणाच्या अभ्यासासाठी डॉक्टरांनी तिला पोटभर जेवू घातलं, मेंदू तपासायच्या मशीनमध्ये झोपवलं आणि केक-पिझ्झाचे फोटो दाखवले. पडद्यावर मेंदू ढिम्म!

मी म्हटलं, "डॉक्टर, पावसाळ्यात होड्या बंद आहेत, कित्येक दिवसांत तिने ताजा मासा खाल्ला नाही. तिला ताज्या पापलेटचा फोटो दाखवा."

दाखवलं मात्र, मेंदूत दिवाळीच! एक ठिपका पेटला की लांबचा दुसरा पेटायचा.

डॉक्टर म्हणाले, "पोट भरलंय, पण मेंदूतल्या या जागा एकमेकींना भूक कळवतायत."

आत्या बाहेर आल्यावर मी तिला ते सांगितलं; ती पडद्याकडे बघतच राहिली. मग पोटावरून हात फिरवत म्हणाली, "म्हंजे याचा काय गुन्हा नाय? जन्मभर मी यालाच शिव्या घातल्या रं!"