काकाचे कान अन् माहं तोंड

लिहा तं मंग. माहं नाव प्रज्योत, पण या नावानं मले शाळेच्या हजेरीतच बोलावलं असन, बाकी समदे रेडिओ म्हणते. गाव आष्टीच्या अल्याडचं, लहानसंच. माय आष्टीच्या बजारात भाजी घेऊन बसे, वांगे, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, अन् मी तिच्या मांगं पोत्यावर. लहान पोट्टं दिवसभर पोत्यावर बसून काय करन, आयकन. लसूणवाला नाकातून ओरडे, बांगड्यावाली बोलता बोलता सुस्कारा टाके, अन् एक चपलीवाला होता त्याचं वाक्य मधातच उचकीनं तुटे. घरी आलो का मी समदा बजार ओसरीत भरवो. बाबा वावरातून थकून येत, जेवता जेवता म्हणत, तो उचकीवाला आण रे, अन् मी आणो. काय सांगू तुम्हाले, तोच आमच्या घरचा टीव्ही.

सहावीत असताना गणिताच्या सरचा आवाज काढला, अन् सर मांगं उभे. वाटलं आता मार बसते. सर म्हणे पुन्हा काढ. काढला. तं सर खाली पाहून म्हणे, मी खरंच असा कुथत बोलतो काय रे? तोंड निरा उतरलं त्याईचं. तवापासून मले एक खोड लागली, आवाज काढता काढता समोरच्याच्या तोंडाकडं पाहाची. तोंड खुललं तं वाढवाचं, उतरलं तं तेथंच सोडाचं. याच खोडीवर मी पोट भरलं अन् याच खोडीनं माहा घात केला, पण ते येतेच पुढं.

वर्ध्याले आयटीआय केलं, मोबाईलच्या दुकानात बसलो, अन् सीझनमधी लग्नात, जयंतीच्या कार्यक्रमात मिमिक्री. लोकाईले वाटते हा पोट्टा लय मजेत असन. अरे बाप्पा, दर ठिकाणी तेच पुढारी, तेच हिरो, अन् कार्यक्रम झाला का नवरदेवाचा मामा येऊन म्हणते, आता माहा आवाज काढ. पाच मिनिटाच्या ओळखीत मामाचा आवाज कुठून आणू? कटाळा येते माणसाले. सत्ताविसाव्या वर्षी माहा गळा पेन्शनीत निघाल्यासारखा झाला.

वानखडे काका मले अशाच एका कार्यक्रमात भेटले, विहाराच्या मांडवात. मी जुन्या रेडिओचं करून दाखवलं, स्टेशन लावताना कसं सूं-घर्र-चीं होते अन् मधातच एखादी बाई बातम्या सांगून जाते. लोकं हासले. काका हासले नाई. टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाले दोन पेन. स्टेजमांगं आले अन् म्हणे, तू घर्र केलं ते वॉल्ववाल्या रेडिओचं केलं का साध्या रेडिओचं? म्या म्हटलं वॉल्ववाल्या. म्हणे रविवारी घरी येजो.

घर सावंगीच्या रस्त्याकडं. मांगच्या खोलीत काका अ‍ॅम्प्लीफायर बनवत, ते त्याले डब्बा म्हणत, मंग मी बी डब्बाच म्हणतो. साधा नाई, वॉल्ववाला. तुम्ही पाहाले नसन, वॉल्व म्हंजे काचेची नळी, बल्बासारखी, आत तार लाल होते अन् ती गरम झाली का मंग गाणं वाजते. आताच्या जमान्यात हे कोण घेते, म्या बी हेच इचारलं होतं. घेते बाप्पा, शौकीन लोकं हायेत, अमरावतीचे, हिंगणघाटचे, एक मोर्शीचे डॉक्टर. अन् त्या लोकाईचा सारा जीव या नळीत. रशियन लावली तं कसं वाजते, चिनी लावली तं कसं, जुनी देशी लावली तं कसं. डब्बा तोच, गाणं तेच, नळी बदलली का आवाज बदलते म्हणते.

आता गंमत काय, की नळी अशी पटकन बदलता येत नाई. डब्बा बंद कराचा, नळी थंडी होऊ द्याची, फडक्यानं धरून हालवत हालवत उपटाची, दुसरी बसवाची, पुन्हा गरम होऊ द्याची. दहा-पंधरा मिनिटं जाते. तोवर पह्यल्या नळीचा आवाज कोणाच्या कानात राह्यते? माह्या राहे. काका म्हणत, आधीचं काय होतं ते कर रे. अन् मी तबल्याचा धा काढो. रशियन नळीचा धा म्हंजे पहेलवान बसला हाये. चिनीवाल्याचा धा घाईत, त्याले एस्टी पकडाची हाये. अन् जुन्या देशीचा धा पेन्शनर माणसाचा, सावकाश येते पण जाग्यावर बसते. गिऱ्हाईक हासून हासून लोळे, अन् मंग रशियन नळी पुन्हा वाजली का तेच म्हणे, हो बाप्पा, पहेलवानच हाये. आता तुम्हीच सांगा, तो पहेलवान नळीत होता का माह्या तोंडात? मले बी नाई माहीत. पण चाललं होतं चांगलं. दोन वर्षं दर रविवारी हेच. कोणत्या डब्ब्यात कोणती नळी राहीन ते बी काका मलेच इचारून ठरवत.

मलेच काऊन, तं काकाईचे कान जाऊन राह्यले होते. बारीक आवाज त्याईले येतच नसे. काकू सैपाकघरातून हाका मारे अन् हे बसलेले. शिट्टी झाली कुकरची, तं म्हणत कोणाचा फोन हाये. मशीन बसवा म्हटलं तं म्हणत, मी जिंदगीभर लोकाईचे फोन दुरुस्त केले, आता कानात मशीन घालून फिरू काय. अन् माह्या पाठीवर हात ठेवत. म्हणत, हा हाये ना.

आता खरी गोष्ट सांगतो. मांगच्या वर्षी दिवाळीच्या आधी एक डब्बा झाला, अन् चालू केला तं मले त्याच्यात एक बारीक आवाज आला. सींऽऽ. मच्छर कानाजोळ आला का येते तसा. गाणं जोरात असलं तं दबून जाये, गाणं थांबलं का येये. म्या काकाईकडं पाह्यलं. काका डोळे मिटून बसले होते अन् तोंडावर असं समाधान, जसं नातू झाला. म्हणे, कसा वाटते? म्या म्हटलं, गुळासारखा, काका. सांगणारच होतो हो. म्हटलं उद्या सांगू. मंग तो डब्बा हिंगणघाटले गेला, त्या माणसाचा फोन आला की बढिया हाये. म्हटलं जाऊ दे. मंग दुसऱ्यात बी तेच सीं, तिसऱ्यात बी, चौथ्यात बी, काऊन का काका तार एकाच पद्धतीनं टाकत. चार डब्बे गेले. अन् मी चारही वक्ताले गूळ, मध, साय, जे तोंडात आलं ते सांगतलं.

मंग आल्या गावंडे मॅडम. आर्वीकडच्या, शाळेत संगीत शिकवत, आता रिटायर. दुपारची वेळ होती. सोबत जुनी तबकडी आणली होती गाण्याची. म्या नेहमीसारखा धा काढाले तोंड उघडलं तं म्हणे, बेटा, तू गप्प बस, मले आयकू दे. काका म्हणे हा माहे कान हाये मॅडम. त्या म्हणे, असू द्या, पण तोंड बंद ठेवा त्याचं. अन् म्हणे एक पडदा लावा, आतून कोणी तरी नळ्या बदला, आपल्याले सांगू नोका कोणती लावली, मंग पाहू. काकूनं पलंगावरची चादर बांधली अन् काकूच आत बसली, बदलाले.

पह्यला फेरा, दुसरा फेरा. आम्ही तिघं चिठ्ठीवर लिहून राह्यलो. तिसऱ्या फेऱ्याले मले असा फरक आला, म्हटलं आता तं राहवत नाई, तोंडानं नाई पण हातानं करून दाखवलं, पहेलवान. काका खूश. मॅडम नुसत्या पाहून राह्यल्या. मंग काकू चादरीतून बाह्यर आली, बोट तोंडात. म्हणे मले पह्यल्याच वक्ताले चटका बसला, मंग म्या काहीच बदललं नाई, नुसतं खटखट केलं. मनात म्हटलं यायले काय समजते, म्हणे.

मॅडम हासल्या, काकू हासली, मी बी हासलो, आपलं तोंड लपवाले हासाच लागते. काका बी हासले थोडंसं. तबकडी संपली होती. अन् हासणं थांबल्यावर खोलीत जे शांत झालं ना, त्याच्यात ते आलं. सींऽऽ.

मॅडम म्हणे, वानखडे साहेब, नळीचं जाऊ द्या, हा मच्छरासारखा आवाज कायचा हो?

काका म्हणे, कोणता आवाज?

अन् माह्याकडं पाह्यलं. काय सांगू तुम्हाले, आजवर म्या हजार लोकाईच्या तोंडाकडं पाह्यलं असन, पण त्या दिवशी मान वर झाली नाई. मॅडमले समजलं. त्या चहा घेऊन उठल्या, म्हणे डब्बा मले पाहिजेच हाये, घाई नाई, हा आवाज गेला का बोलवा. काकू त्याईले पोचवाले फाटकापर्यंत गेली.

काकाईनं इचारलं, किती दिवसापासून? म्या म्हटलं, दिवाळीच्या आधीपासून. म्हणे, चारही डब्ब्यात? म्या म्हटलं, हो. त्याईनं राग केला असता तं बरं झालं असतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्या म्हटलं, काका, तुम्ही खूश दिसत होते. तं म्हणे, अरे, तू गूळ म्हणे म्हणून मी खूश होतो. मी तुह्या तोंडाकडं पाहो, अन् तू माह्या. मंग डब्बा कोण आयकत होतं रे?

तीन रविवार मी गेलो नाई. चौथ्या रविवारी काकूचा फोन आला, म्हणे ते सकाळपासून डब्बा उघडून बसले हायेत, जेवत नाई. गेलो. काकाईनं वर पाह्यलं बी नाई. बांबूची एक कमची हातात होती, काऊन का चालू डब्ब्यात बोट घातलं तं माणूस जाग्यावर जाते. म्हणे, बस इकडं, माह्या कानापाशी तोंड आण, अन् जो आवाज येते तोच काढ, जेवढा येते तेवढाच, मले येईन असा ठसठशीत काढ. गोड करू नोको.

म्या त्याईच्या कानात मच्छर काढला. ते कमचीनं एक एक तार हालवत गेले. तार हालली का आवाज वाढे, म्या वाढवला. कमी झाला तं म्या कमी केला. एका जाड तारेपाशी कमची गेली तं आवाज एकदम पडला, मी बी पडलो. काका म्हणे, अस्सं. डब्बा बंद केला, ती तार तेथून सोडवून दुसरीकडं सोल्डर केली, चालू केला, नळ्या गरम होईस्तोवर वाट पाह्यली, पुन्हा कान पुढं केला. अजून थोडा होता. पुन्हा बंद, पुन्हा तार, पुन्हा वाट. आम्ही चार वाजेपर्यंत बसलो. एवढ्या लग्नात ओरडलो मी, पण त्या दिवशी जसा गळा बसला तसा कवाच बसला नाई.

मंग एका वक्ताले काहीच आलं नाई. म्या तोंड मिटलं. काका तसेच वाकून बसलेले, कान माह्याकडं. म्हणे, काऊन थांबला? म्या म्हटलं, संपलं काका. नाई येत. तं काकाईनं माह्या डोळ्यात पाह्यलं अन् म्हणे, खरंच संपलं, का मन राखून राह्यला?

म्या शपथ घेतली असती, पण कोणत्या तोंडानं घेऊ. त्याईनं काकूले हाक मारली. काकू आली, दोनी हात पिठाचे, तसेच वर धरून डब्ब्यापाशी वाकली, आयकलं, म्हणे, नाई येत. तवा काकाईनं बटन बंद केलं अन् म्हणे चल, जेवू.

मॅडमचा डब्बा गेला. आता ते चार परत आणून राह्यलो मी, एक एक करून. वीस किलोचं लोखंड मांडीवर घेऊन एस्टीत बसाचं, कंडक्टर म्हणते बॅटरी हाये काय रे, मांडी बधिर होते, पाय उतरताना लागत नाई. दोन आणले, दुरुस्त करून पोचवले. दर वक्ताले मी काकाईच्या कानात तोच मच्छर काढतो, तो संपला का संपलं म्हणतो, अन् काका काकूले हाक मारते. पह्यले लय लागे जीवाले. एकदा काकू म्हणे बी, अहो आता तं इश्वास ठेवा पोरावर. काका म्हणे, ठेवतो ना, तू आयकून सांग तं.

गिऱ्हाईक आताही इचारते, कोणती नळी चांगली. म्या सांगून टाकतो, मले नाई समजत साहेब, चादर लावून तुम्हीच आयका. कोणी आयकते, कोणी नाराज होऊन जाते, त्याईले पहेलवान पाहिजे असते. मिमिक्री चालू हाये, पोट हाये ना. आता सीझन लागन, पुन्हा तेच मामा.

दोन डब्बे राह्यले, एक अमरावतीचा, एक मोर्शीचा. तेवढे होईस्तोवर काकाईचे हात चालत राहो, अन् काकूचे कान शाबूत राहो. माहं काय, मी हावोच.