करडीत बसून कॅनडाचे टायर

...नाही, तुम्हीच सांगा मले, ज्या मान्सानं उभ्या जिंदगीत बर्फ पाह्यला तो मोहाडीच्या बाजारात मच्छीच्या टोपल्याईत, त्याले कोणी विचारावं काय, का बर्फात गाडीले कोणते टायर लावू म्हणून? बरं, विचारलं तं विचारलं, त्याचं उत्तर धरून बसावं काय? पण माह्या पोरानं आडून आडून विचारलं, अन् माह्या पोरानं धरलं, अन् तवापासून हे असं आहे पाहा, का बर्फ पडते थिकडं कॅनडात, अन् घसरून रायलो मी इथं करडीत, आमच्या गावी.

पोरगा म्हणजे आमचा प्रफुल्ल. एकुलता एक. कॅनडात विनिपेग म्हणून शहर आहे, तिथं कम्प्युटरचं काम करते, थेही घरूनच, पायात मोजे घालून, खुर्चीवर बसून. सून रत्नमाला, लाखांदूरची, नर्सिंग शिकलेली, ती थिकडं म्हाताऱ्या लोकाईच्या एका होममधी ड्युटी करते. ड्युटी सकाळची, उजाडाच्या आंधी निघा लागते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाले. म्हणजे बर्फात गाडी घेऊन बाहेर कोण पडते? सून. अन् नवे टायर नोको म्हणते कोण? जो खुर्चीवर बसून आहे तो. हे मले तवा कोणी सांगतलं असतं, तं मी तोंड उघडलं असतं का? पण मले कोणी काही सांगतलंच नाही न...

झालं असं, का आमच्या धानाचं चुरणं चालू होतं, मी खळ्यावर उभा, मशीनची घरघर, नाकातोंडात भूस, अन् फोन वाजला. म्हणते, 'बाबा, तुम्ही उभी जिंदगी एसटी चालवली, पावसाळ्यात कधी टायर बदलले काय?' आता एसटीचे टायर ड्रायव्हर बदलते काय? डेपोतून जशी गाडी देतील तशी घेऊन निघाची. मी म्हटलं, 'नाही गा.' 'मंग चिखलात कसं करत होते?' म्हटलं, 'कसं म्हणजे? गाडी चालवणाऱ्याच्या हातात असते, टायर काय करते?' बस. एवढंच बोललो, अन् भूस आवराले लागलो.

आता याच्यात बर्फ कुठी आहे? कॅनडा कुठी आहे? पण माह्या लेकानं फोन ठेवला, अन् बायकोजवळ जाऊन सांगतलं, 'बाबा म्हणतात हिवाळ्याच्या टायरची काही गरज नाही.' झालं. बाबाचा शिक्का बसला.

तुम्ही म्हणाल, हिवाळ्याचे टायर म्हणजे काय? मलेही नव्हतं माहीत. थिकडं म्हणे थंडीत साधं रबर कडक होऊन जाते, शिळ्या भाकरीवानी, अन् बर्फाले धरत नाही. हिवाळ्याच्या टायरचं रबर नरम, त्याले बारीक बारीक चिरा, ते रस्ता धरून चालते. थंडी आली का लावाचे, थंडी गेली का काढाचे. म्हणजे गाडीचं स्वेटर समजा. पण प्रफुल्लचं म्हणणं काय, का गाडीसंगं जे टायर आले त्याच्यावर ऑल सीझन लिहून आहे, म्हणजे बारमाही, मंग अजून कायले पाहिजे? आता आपल्या इथंही बारमाही रस्ता म्हणून पाटी लागते, अन् पयल्या पुरात बंद होते. पण हे त्याले सांगाचं सुचलं मले नंतर. मले सगळं नंतरच सुचते.

सुनेनं काय केलं, मले फोन नाही केला. तिनं केला सासूले. अन् आमची लीलाबाई भांडत नाही, तुम्हाले सांगतो, भांडणाऱ्या बाईचं बरं असते, मान्साले समजते तरी का आपण कुठं चुकलो. हे नाही. हिनं ताट ठेवलं समोर, तं असं ठेवलं का वरण ताटातून उडून माह्या धोतरावर. मी म्हटलं, 'काय झालं?' म्हणते, 'काही नाही.' म्हटलं, 'काही तं झालं.' म्हणते, 'तुम्ही ड्रायव्हर. तुमचं बरोबरच असन.'

मी म्हटलं, 'अवं, मी पावसाचं बोललो होतो.' म्हणते, 'हाव. पोरगी अंधारात बर्फातून जाते, अन् तुम्ही पावसाचं बोलले.' मी म्हटलं, 'गाडी चालवणाऱ्याच्या हातात...' तं मधातच म्हणते, 'चिखलणीच्या टायमाले तुलारामभाऊ ट्रॅक्टरचे टायर काढून लोखंडाची चाकं लावते, तवा त्याले जाऊन काहून नाही सांगत, का ट्रॅक्टर हातात असते म्हणून?' मी म्हटलं, 'अवं, थे ट्रॅक्टर आहे.' म्हणते, 'अन् ही सून आहे.' अन् उठून गेली. मी वरण पुसत बसलो. बर्फ पडते थिकडं कॅनडात, अन् घसरून रायलो मी इथं करडीत.

बरं, मान्सानं काय करावं, जाणत्याईले विचारावं. बाजाराच्या दिवशी मोहाडीले गेलो, बाबुलालच्या चहाच्या टपरीवर बसलो, तुलाराम होताच तिथं, माहा जुना दोस्त, हाच तो ट्रॅक्टरवाला. त्याले हळूच विचारलं. पण तुलारामले हळू येतच नाही. त्यानं आवाज टाकला, 'केशवरावच्या पोराची गाडी बर्फात फसली.' फसली नाही गा, फसाची आहे अजून... पण कोण आयकते? सारी टपरी कामाले लागली. एक म्हणे, टायरची हवा कमी करा. दुसरा म्हणे, धानाच्या तणसाचा दोर वळून चाकाले गुंडाळा, आम्ही बैलगाडीच्या चाकाले गुंडाळत होतो. तुलाराम म्हणे, मांगच्या सीटवर धानाचे पोते ठेवा, वजनानं दबून रायते. आता विनिपेगमधी धानाचे पोते कुठून आणाचे? तं म्हणे, पाठवून दे. अन् बाबुलाल चहा गाळता गाळता म्हणते, 'थिकडं रस्त्यावर मीठ टाकते म्हणे.' तं सारे त्याच्यावर हासले, का रस्त्याचं लोणचं घालाचं आहे काय म्हणून. मीही हासलो. अन् पाहा, तेवढंच एक खरं निघालं. खरंच टाकते मीठ, ट्रक भरभरून. पण तवा मी बाकीचं आयकलं, अन् बाबुलालचं सोडून देल्लं.

मंग एका दिवशी, संध्याकाळचं, ढोरं घरी येत होते, मी अंगणात कोठ्याचं दार धरून उभा, अन् फोन वाजला. पाह्यलं तं रत्नमाला, व्हिडिओ कॉलवर. मले. सासूले नाही, मले. थिकडं पहाट होती. पोरगी ड्युटीले निघाच्या आंधी घरासमोरच गाडीत बसून, डोकश्यावर ती लोकरीची टोपी, काचेच्या बाहेर सारं पांढरं. अन् आवाज एकदम शांत. म्हणते, 'मामाजी, घाबरू नका, मले काही नाही झालं.' आता फोन जर असा सुरू झाला, तं मान्सानं घाबराचं नाही तं काय कराचं?

म्हणते, 'मामाजी, काल चौकात लाल लाइट होता. मी ब्रेक मारला. चाकं थांबले, पण गाडी नाही थांबली. गाडी आपल्या मनानं पुढं गेली, हळूहळू, अन् मी नुसती स्टिअरिंग धरून पाहात रायली. चौक पार करून बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून.' अन् मंग म्हणते, 'मामाजी, मले एक खरं सांगा. तुम्हाले खरंच वाटते का, का गाडी हातात असते?'

ढोरं कोठ्यात गेले, मी दार लावाचं विसरलो. कारण तिनं जे सांगतलं न, का गाडी आपल्या मनानं गेली, ते मले माहीत होतं. लाखांदूरच्या रस्त्यावर, तलावाच्या पाळीवर, धानाच्या रोवण्याचे दिवस होते, ट्रॅक्टरच्या चाकाईनं सारा चिखल डांबरावर आणून टाकलेला, अन् वरून पावसाची भुरभुर. माही बस भरून होती, कोणाजवळ लेकरं, कोणाजवळ कोंबड्या. मी ब्रेकवर पाय ठेवला, अन् बस आडवी झाली. आडवीच चालली, पाण्याकडं. मी स्टिअरिंग फिरवतो, तं ते नुसतंच फिरते, जसं जत्रेतलं खेळण्याचं. मांगं एक बाई पोराले सांगत होती, 'गप बस, ड्रायव्हर भाऊ आहे न.' अन् ड्रायव्हर भाऊच्या हातात काही नव्हतं. पाळीवर एक बाभूळ होती, तिले टेकून बस थांबली. सारे उतरले, कोणाले काही झालं नाही, लोकाईनं तं मलेच हात जोडले, का काय सांभाळली गाडी म्हणून. मीही मान डोलावली. अन् पुढं लोकाईले तेच सांगत गेलो, का गाडी हातात असते. लोकंही तेच म्हणत होते न.

मी रत्नमालाले म्हटलं, 'नाही, बाई. घसरल्यावर नसते हातात. ते टायर लाव. अन् आज कामाले जाऊ नोको, नाही तं प्रफुल्लले म्हण, तू नेऊन दे.' ती म्हणते, 'तो म्हणन, बाबाच तं नाही म्हणाले.' म्हटलं, 'त्याले फोन दे.' म्हणते, 'तो घरात झोपला आहे.'

बरोबर आहे. तो झोपन नाही तं काय करन?

मी फोन केला त्याले. उठवला. तं म्हणते, 'बाबा, तुम्हीच तं म्हटलं होतं...' मी म्हटलं, 'म्हटलं असन. आता दुसरं म्हणून रायलो. पण टायरचं ते मंग पाहू. आंधी तू ऊठ, मोजे काढ, बूट घाल, अन् बायकोले त्याच गाडीत ड्युटीवर सोडून ये.' म्हणते, 'त्याच्यानं काय होईन?' म्हटलं, 'काही नाही होत. जाऊन ये.'

गेला. कसा गेला, ते त्याचं त्याले माहीत. आमचं जेवण झालं, भांडे घासून झाले, लीलाबाई फोनकडं पाहाते, मी लीलाबाईकडं. मंग आला फोन. आवाज एवढुसा. म्हणते, 'बाबा, पोचवलं तिले. परत येताना एका चढावर गाडी वरतं जाईचना. मांगं मांगं येऊन रायली होती. मांगं शाळेची बस होती.' मंग म्हणते, 'बाबा, रत्ना हे रोज करते.' म्हटलं, 'हाव.' म्हणते, 'मले कधी बोलली नाही.' म्हटलं, 'बोलली होती, बापू. तू बाबाचं नाव सांगून तिले गप्प केलं.' लीलाबाईनं तवा मले पाणी आणून देल्लं. न मागता. अन् हळू ठेवलं.

लागले बावा टायर. एकदम नाही लागले, पयला बर्फ पडला का सारं विनिपेग एकाच दिवशी गॅरेजात जाऊन उभं रायते म्हणे, नंबर लागाले वेळ गेला, तवरक दोघंही सिटी बसनं फिरले. पण लागले. रत्नमालानं व्हिडिओ पाठवला, तोच चौक, तोच लाल लाइट, ब्रेक मारला, अन् गाडी उभी. बस, गाडी उभी रायली, एवढाच व्हिडिओ. लीलाबाईनं तो साऱ्या गल्लीले दाखवला. लोकं म्हणे, याच्यात काय आहे? ही म्हणे, 'उभी आहे न, पाहा नीट.'

अन् मले वाटलं, सुटलो. आता मार्च गेला, एप्रिल अर्धा झाला, आपल्या इथं कुलरसमोरून उठाची हिंमत होत नाही, मी बनियानवर पडलो आहे, अन् फोन. प्रफुल्ल. म्हणते, 'बाबा, बर्फ वितळला, पण कधी कधी एप्रिलातही पडते म्हणतात. टायर काढू का राहू देऊ?'

बर्फ पडते थिकडं कॅनडात... पण मी आता शिकलो. मी म्हटलं, 'आंधी हे सांग, रत्नमाला काय म्हणते?' म्हणते, 'ती म्हणते आईले विचार, आई म्हणन तसं करू.' मी म्हटलं, 'मंग मले कायले फोन केला?'

म्हणते, 'आईचा फोन केव्हाचा बिझी येऊन रायला, बाबा. तेवढा हा फोन आईले द्या न.'