बंद पडलेली लिंक

माझ्या पीएचडीच्या संदर्भसूचीत आजऱ्याकडच्या एका शेतकरी मावशींचं नाव कसं काय आलं, असं सगळे विचारतात. सांगते, आधी चहा ओता.

भाताच्या जुन्या वाणांवरचं माझं अख्खं प्रकरण एका ब्लॉगच्या जिवावर उभं होतं. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना आमच्या सरांनी ती लिंक उघडून बघितली, तर पानच गायब!

"पान कधी बघितलं होतं? तारीख?"

"लिहून ठेवली नाही, सर."

"लिहिणाऱ्याचं नाव?"

"तिथं नव्हतं, सर."

"मग प्रकरण काढून टाका की!"

माझ्या मोबाइलमध्ये त्या पानाचा स्क्रीनशॉट तेवढा होता. त्यात सूप घेऊन बसलेल्या एक मावशी, आणि खाली गावाचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि फोटो दाखवत गावभर फिरले. मावशी भेटल्या, तेव्हाही सूप घेऊन भात पाखडत बसल्या होत्या. मी त्यांना मजकूर वाचून दाखवला.

"व्हय, मीच सांगितलंय की हे. एकजण आलता, फोटो काढून गेला. पर बियाणं आमी राखंत ठेवतो, कडुलिंबाच्या पाल्यात न्हाय. चुकीचं लिवलंय त्यानं."

तीच चूक माझ्या प्रकरणातही जशीच्या तशी उतरली होती. मी ओशाळून म्हटलं, "मावशी, ते पान आता इंटरनेटवर सापडतच नाही. शोधून शोधून दमले."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पान गेलं तर जाऊ दे की. मी हाय न्हवं अजून?"